एक रेघ, वर खरं, बाजूला सही

बालाघाट
९ ऑक्टोबर २००३

अनयदादा,

तू थोरला, तेव्हा वर 'तीर्थस्वरूप' लिहायला हवं. नाही लिहीत. दोन वर्षं ज्याने बोलणं टाकलं, त्याच्या पाया कागदावर तरी कसं पडायचं?

परवा रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत होते. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून तू ओरडून बोलतोस, आणि त्यामुळे पुण्यातलं तुझं बोलणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. "ऋताचं नाटक चालूच आहे का?" असं तू विचारलंस. बाबा म्हणाले, "हौ... म्हणजे, उपचार चालू हाय तिचा." मग दोघंही पाऊसपाण्यावर आलात.

तर नाटकाची हकीकत नाटकवालीकडूनच ऐक.

जूनपासून दर मंगळवारी मी नागपूरला जाते. पहाटे पाचची बस, सोबत बाबा. तिथे साधना मॅडम आहेत. त्या गोळ्या देत नाहीत, गोळ्यांचे डॉक्टर वेगळे. या शिकवतात. आम्ही सहा बायका, एक फळा, आणि वर गृहपाठ. पद्धतीचं नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. आजाराचं नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी. "मॅडम, दोन राज्यांच्या सीमेवर जन्मलेल्या बाईला हाच आजार व्हायचा होता," असं मी म्हटलं आणि मीच हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला लागतं लवकर, लागतं जास्त, आणि बरं व्हायला वेळ लागतो. यात तुमची चूक नाही. आणि तरीही शिकावं तुम्हालाच लागणार." दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच श्वासात म्हटली. मी सत्तावीस वर्षांची झाले दादा, आजवर ज्याने त्याने मला यातलं एकच वाक्य ऐकवलं होतं. आई पहिलं, तू दुसरं.

त्यांचं सगळं शिक्षण त्यावरच उभं आहे. दोन उलट्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. मी आहे तशी ठीक आहे, आणि मला बदलायचं आहे.

मनात उसळी आली की करायच्या गोष्टीही शिकवतात. त्यातली एक, बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवून श्वास धरायचा. ऐकायला खुळचट वाटतं, पण उसळी उतरते. अडचण एवढीच की इथे दिवसातून आठ तास वीज नसते आणि फ्रिजमध्ये बर्फ कुठून असणार? म्हणून बाबांनी गोळेवाल्या सुखरामला लावून ठेवलं आहे. तो रोज भाताच्या भुशात गुंडाळून बर्फाची लादी टाकून जातो. "सरबताले लागते," असं बाबा त्याला सांगतात. आता थंडी पडेल, तेव्हा ही मंडळी कसलं सरबत पितात याची गल्लीत चर्चा होणार आहे.

तुझ्या लग्नाच्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. तू वाट पाहू नकोस.

ऋता


२९ ऑक्टोबर २००३

दादा,

तुझं उत्तर नाही. मी धरलंही नव्हतं. भाऊबीजेला आपल्या धाकट्या वैदेहीने आणि मी चंद्राला ओवाळलं. तुझ्यापेक्षा तो बरा, निदान ठरल्या दिवशी येतो.

आज तुला बाबांची गंमत सांगते. हसलास तरी चालेल, मला कळणार नाही.

मॅडमनी आम्हाला एक कार्ड दिलं आहे. दर आठवड्याला एक. त्यावर रोज संध्याकाळी आकडे भरायचे. दुःख किती, राग किती, लाज किती, स्वतःला इजा करण्याची ओढ किती. शून्य ते पाच. मंगळवारी ते मॅडमच्या हातात द्यायचं. आता चौतीस वर्षं बैहरच्या वनविभागात फायली हाकलेल्या माणसाच्या घरात रकान्यांचा कागद आला म्हटल्यावर काय होणार? पहिल्याच आठवड्यात बाबांनी चष्मा लावून कार्ड उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यावर सही कोनाची?" मी म्हटलं, कोणाचीच नाही. "बिनासहीचा कागद म्हणजे रद्दी," असं म्हणून तेव्हापासून ते रोज संध्याकाळी माझ्या आकड्यांखाली बारीक सही ठोकतात. मॅडमना मी घाबरत दाखवलं, तर त्या म्हणाल्या, करू द्या. त्यांना काहीतरी करायचं आहे.

पण काल मॅडमनी कार्ड पाहिलं आणि थांबल्या. शनिवारी मी ओढीपुढे पाच लिहिला होता. कार्डावर दोन होता. सोमवारच्या चाराचा एक झाला होता. अक्षर हुबेहूब माझं.

बाहेर बाकावर बाबा बसले होते. मॅडमनी त्यांना आत बोलावलं. बाबा उठून उभे राहिले, रेंजरसाहेबापुढे राहायचे तसे, आणि म्हणाले, "मॅडम, वरच्या हापिसात खराब आकडे धाडत नसतात. जवाब मांगते मंग."

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. म्हणाल्या, "बाबूजी, पाचाला दोन केलंत तर मी दोनाचा उपचार करीन. मग तुमची मुलगी पाचाशी एकटीच लढेल."

परतीच्या बसमध्ये बाबा भंडाऱ्यापर्यंत तिकिटाची घडी घालत-उलगडत बसले. मग मीच त्यांना त्यांच्या नियमाची आठवण करून दिली. आठवतो तुला? पाढ्यांच्या वहीत खोडरबर वापरलं की केवढे रागवायचे! "चुकलेलं खरवडायचं नाही. त्याच्यावर एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहा, बाजूले सही." मी म्हटलं, "बाबा, नियम तुमचाच आणि खाडाखोड पण तुमचीच?" ते म्हणाले, "थे सरकारी कागदाले होतं, बाई. हे पोरीचं होतं."

मला इतका राग आला होता, आणि त्याच वेळी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. दोन्ही खरं. ठेवलंही.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. बाबांनी घरातली ब्लेडं कधीच काढून टाकली आहेत. जन्मभर स्वतःची दाढी स्वतः करणारा माणूस आता एक दिवसाआड चौकातल्या न्हाव्याकडे जातो. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. याला नाटक म्हणायची हिंमत असेल तर म्हण.

ऋता


१९ नोव्हेंबर २००३

दादा,

आज पत्र छोटं. पण आज लिहायलाच हवं.

काल मी नागपूरला एकटी गेले. एकटी! बाबाच आपणहून म्हणाले, "आता तू जाऊ शकतेस, बाई. मी काहून येऊ दर वेळी?" आईने डबा दिला, वैदेहीने मोबाइलसारखं कानाला बोट लावून "पोचल्यावर फोन कर" म्हटलं. पहाटेच्या बसमध्ये बसले तेव्हा भीतीही वाटत होती आणि हसूही येत होतं. येताना बस बिघडली, तासभर रस्त्यात उभी होते, तरी काही झालं नाही. रात्री घरी आले तर आईने चक्क पुरणपोळी केली होती. माझ्यासाठी! मी म्हटलं, एवढं काय त्यात? तर सगळे गप्प बसले. भरून आलं असेल.

कार्डावर ओढ शून्य. बाबांनी सही केली. हा शून्य खरा आहे.

दोन वर्षांत माझ्यावर कोणी भरवसा टाकला नव्हता. आता कळलं, भरवसा टाकला की माणूस कसा ताठ चालतो.

ऋता


६ डिसेंबर २००३

अनय,

आज 'दादा' नाही.

सकाळी आईला गॅसचं कार्ड सापडेना म्हणून मी बाबांच्या फायली काढल्या. एका फायलीवर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'वैदेही – विवाह'. उघडली. आत दोन कागद होते. एक बाबांच्या हातचा, वैदेहीच्या बायोडाट्याचा कच्चा मसुदा. 'भावंडे : दोन. अनय, पुणे, नोकरी. ऋता, बी.एड.' दुसरा पुण्याहून आलेला, कंप्युटरवर छापलेला, वर गणपती, खाली बाबांची सही. 'भावंडे : एक. अनय, पुणे, नोकरी.'

बाबू माणूस काही फेकत नाही, म्हणून मला दोन्ही सापडले.

फायलीत आणखीही होतं. रामपायलीच्या तेजराम गुरुजींचं पत्र. मुलगा कुशल, मलाजखंडला तांब्याच्या खाणीत नोकरीला. 'आपण कळविल्याप्रमाणे मंगळवार दि. १८ नोव्हेंबर रोजी मुलगी पाहण्यास येऊ. वास्तविक रविवार सोयीचा होता.'

मंगळवार, अठरा नोव्हेंबर.

ती पुरणपोळी पाहुण्यांची उरलेली होती, अनय. मी दोन खाल्ल्या. वर तुला पत्र लिहिलं, भरवशाबद्दल!

मी काय केलं ते लिहिते, म्हणजे तुला दुसऱ्याकडून कळायला नको. मी स्टीलचं ताट भिंतीवर फेकलं. आईवर ओरडले. मग बादलीत बर्फ टाकून तोंड बुडवलं. तीनदा. स्वतःला काही केलं नाही. कार्डावर ओढ पाच, आणि कृतीच्या रकान्यात 'नाही'. बाबा सहीला आले तेव्हा मी कार्ड दिलं आणि सोबत तुझा छापील कागदही दिला. म्हटलं, दोन्हींवर तुमचीच सही आहे, यातली खरी कोणती?

आई रडत म्हणाली, "काहून करतं वं असं? वैदूचं जमून राह्यलं, थे मोडू देऊ का? पौष संपला का साक्षगंध हाय. त्यांच्यात नवरीच्या भावंडांले नाव पुकारून आहेर देतात. सगळ्यांसमोर. तुहं नाव त्यांच्याजवळ नाहीच. तू समोर दिसली त कोन म्हणून सांगू?"

"मुलगी म्हणून सांग," मी म्हटलं.

वैदेहीकडे पाहिलं. वाटलं, ही तरी. ती म्हणाली, "ताई, एक दिन की तो बात है. उस दिन नागपूरला मॅडमकडे जा ना. कुशलला मी लग्नानंतर सांगीन सगळं." आणि मग हळूच, "तुझे हात दिसतात गं."

हात दिसतात. खरं आहे. डाव्या हातावर सात व्रण, उजव्यावर दोन. दोन वर्षं मे महिन्यातसुद्धा मी मनगटापर्यंत बाह्या घालते आहे.

मी साक्षगंधाला, तुमच्या पुण्यातल्या साखरपुड्याला, घरीच असणार आहे. तुझ्या कंप्युटरला सांग.

ऋता


१४ डिसेंबर २००३

दादा,

मंगळवारी मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या माझी बाजू घेतील. घेतली, अर्धी.

त्या म्हणाल्या, "लाजेचं एक तपासून बघायचं. लपवण्यासारखं आपण काही केलं आहे का? केलं असेल तर जाऊन भरपाई करायची. केलं नसेल तर लपायचं नाही, उलट चारचौघांत मान वर करून उभं राहायचं. तुमच्यात दोन्ही प्रकारची लाज आहे, ऋता. आधी वेगळी करा." आणि तुझ्या लग्नाच्या दिवसाची साखळी लिहायला सांगितली. काय झालं, त्याआधी काय, त्याआधी काय. एकही दुवा गाळायचा नाही, आणि एकही आपल्या सोयीने वाकवायचा नाही.

मी म्हटलं होतं त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही. लिहिते आहे. मॅडमसाठी लिहिली ती वहीत आहे, ही तुझ्यासाठी.

लग्नाच्या चार दिवस आधी मी गोळ्या बंद केल्या. विमलाबाई मावशी म्हणाली होती, गोळ्या खाऊन मांडवात पेंगशील. तिने म्हटलं, बंद मी केल्या. दोन रात्री झोप नाही. सकाळपासून पोटात अन्न नाही. मी करवली होते, नवी हिरवी साडी नेसून कलश घेऊन तयार उभी. तू घोड्यावरून उतरलास, माझ्याकडे पाहिलंस आणि आईला म्हणालास, "कलश वैदेहीकडे दे. ऋताला नको, ती काहीतरी करेल." हळू नाही म्हणालास. रूपालीवहिनीच्या मामाने ऐकलं, फोटोवाल्याने ऐकलं. आईने माझ्या हातातून कलश घेतला.

हा दुवा तुझा आहे. मी तो गाळणार नाही.

त्याच्या पुढचे सगळे माझे. खोलीत गेले ते मी. आतून कडी लावली ती मी. बाहेर बाबा दार ठोठावत होते, मुहूर्त टळत होता, हे मला ऐकू येत होतं, आणि टळू दे असंच वाटत होतं. तांब्या खिडकीवर फेकला तो मी. त्या काचेने हात कापून घेतला तोही मीच. रूपालीवहिनी पाऊण तास पाटावर बसून राहिल्या, त्यांच्या आईला चक्कर आली. तुझ्या लग्नाच्या फोटोंत एकातही तू हसत नाहीस. वैदेहीने अल्बम आणला होता, मी सगळा पाहिला.

याची मला लाज वाटते, आणि ही लाज खरी आहे. मी तुझी माफी मागते. रूपालीवहिनींना वेगळं पत्र टाकलं आहे, ते तू अडवू नकोस. मुहूर्त परत आणता येत नाही हे मला कळतं.

पण आजारी पडले याची माफी मागणार नाही. माझ्या हातांची मागणार नाही. जन्माला आले याची तर अजिबात नाही. ते खोडायचा हक्क मी तुला दिलेला नाही.

एक मात्र मॅडमनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. साक्षगंधाच्या दिवशी पाहुण्यांपुढे एकाएकी जाऊन उभी राहिले, तर ते मागच्या वेळच्या तांब्यासारखंच होईल. त्यात राग असेल, वैदेहीचा विचार नसेल. त्यांना आधी कळलं पाहिजे. मोडायचं असेल तर आधी मोडू दे.

बाबांना म्हटलं, रामपायलीला जाऊन खरं सांगा. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, मग मी एकटी जाते. एकटीने जाता येतं, हे तुम्हीच शिकवलंत.

ऋता


२२ डिसेंबर २००३

दादा,

काल रविवारी रामपायलीला जाऊन आले. एकटी नाही. सकाळी मी चपला घालत होते तर बाबा न्हाव्याकडून आले, धुतलेला सदरा घातला, फाइल काखेत मारली आणि म्हणाले, "चाल." वैदेही दाराशी आली नाही. आठवडा झाला, ती माझ्याशी बोलत नाही.

वारासिवनीला बस बदलली. गुरुजींच्या अंगणात धानाचं खळं चालू होतं. त्यांची बायको, जिजाबाई, डोक्याला फडकं बांधून धान उपणत होत्या. आम्हाला पाहून दोघंही गडबडली. खाट टाकली, पाणी आलं. "हे कोन?" जिजाबाईंनी विचारलं. बाबा म्हणाले, "सांगतो."

आणि मग त्यांनी काय सांगितलं? बसला गर्दी होती. यंदा धान बरं झालं. देवळाची रंगरंगोटी छान झाली. पंधरा मिनिटं! मी बाबांना वचन दिलं होतं की आधी तुम्ही बोलाल. मी अंगणातल्या कोंबड्या मोजत बसले, सात होत्या, आणि श्वास मोजत बसले.

शेवटी बाबांनी फाइल उघडली. आपला छापील कागद गुरुजींना मागितला. गुरुजींनी आतून आणून दिला. बाबांनी तो फायलीवर ठेवला, खिशातून पेन काढलं, आणि 'भावंडे : एक' यावर एक रेघ मारली. सरळ, बारीक. खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, 'दोन'. आणि तुझ्या नावाखाली लिहिलं, 'ऋता, वय २७, बी.एड., अविवाहित. मानसिक आजारावर नागपूर येथे उपचार सुरू.' बाजूला सही केली.

"गुरुजी," ते म्हणाले, "माह्याच्यानं चुकीची नोंद झालती. ही माही मोठी पोरगी."

'माह्याच्यानं' म्हणाले. तुझं नाव घेतलं नाही.

गुरुजींनी चष्मा पुसून कागद वाचला. परत वाचला. मी वाट पाहत होते की आता उठा म्हणतील. ते म्हणाले, "बाबूजी, तारीख राह्यली."

बाबांनी तारीख टाकली.

जिजाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी त्या दिवशी मुद्दाम आखूड बाह्यांचं पोलकं घातलं होतं, वर शाल होती. शाल काढली. त्यांनी हात पाहिला, पण धरला नाही. "पोरी, हे तुह्याच हातानं?"

"हौ."

"आता बी होते का मन?"

"होते. पहिल्यापेक्षा कमी. झालं का बर्फाच्या पान्यात तोंड घालतो."

"अन् मंग?"

"मंग भाजी निवडतो."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. उठून म्हणाल्या, "आमाले विचार करा लागन." हे सरळ होतं, मला आवडलं. चहा मात्र दुसऱ्यांदा टाकला.

परतीच्या बसमध्ये बाबा म्हणाले, "मोडलं त वैदूले मी काय तोंड दाखवू?" मोडलं तर ते माझ्यामुळे मोडेल, आणि तरीही आम्ही बरोबर केलं. ही दोन वाक्यं एकत्र धरायला मला अजून जड जातात. रात्री कार्डावर भीती पाच लिहिली. बाबांनी सही केली, आणि पहिल्यांदाच सहीखाली तारीख टाकली.

ऋता


२ फेब्रुवारी २००४

दादा,

काल साक्षगंध झालं.

तू यायला हवं होतंस. "ती असेल तर मी येणार नाही," असं तू फोनवर ओरडलास, ते सगळ्यांनी ऐकलं. बाबा काय म्हणाले तेही ऐकलंस ना? "तारीख एक फेब्रुवारीच हाय," म्हणाले आणि फोन ठेवला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तुझ्याआधी फोन ठेवला.

रामपायलीहून अकरा दिवस काही आलं नाही. त्या अकरा दिवसांत आई जेवायची थांबली, वैदेही खोलीतून बाहेर येईना. मग एका दुपारी कुशल स्वतः मलाजखंडहून मोटरसायकलवर आला. घरात बसला नाही, ओट्यावरच वैदेहीशी बोलला. तो गेल्यावर ती माझ्याकडे आली. डोळे लाल. म्हणाली, "त्याने विचारलं, तुझ्या बहिणीचं मला तू काहून नाही सांगितलं? मेरे पास कुछ जवाब ही नहीं था, ताई." मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ रडली. मीही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ. 'साक्षगंध ठरल्या दिवशी. आहेराची नावे दोन धरली आहेत.'

सगळं गोड झालं असं समजू नकोस. कुशलची एक काकू आली नाही. 'येड्याच्या घरी' पाय ठेवणार नाही म्हणाली. तिचा पाय तिच्यापाशी. आपली विमलाबाई मावशी आली आणि माझ्यापासून दोन हात लांब बसली, जणू मी चावते.

पोलकं अनुसयाबाईंकडे शिवायला टाकलं होतं. त्यांनी सवयीने विचारलं, "बाही मनगटापर्यंत ना?" मी म्हटलं, "नाही. सगळ्यांसारखी." तेच घालून मी काल हळदीकुंकवाचं तबक फिरवलं. बायका आधी तबक पाहायच्या, मग हात, मग तोंड. मी तोंडाकडे पाहायचे. मी धीट होते असं समजू नकोस. दोनदा मागच्या न्हाणीघरात जाऊन बर्फात तोंड बुडवून आले, पदराने पुसलं, परत तबक उचललं. लाज चार होती. तरी फिरवलं.

मग आहेर. गुरुजी उभे राहिले, तोच कागद हातात. रेघ मारलेला, सही असलेला, तारीख असलेला. आधी आईबाबांचा आहेर दिला. मग पुकारलं, "नवरीचे भाऊ, अनय."

कोणी उठलं नाही.

गुरुजींनी परत पुकारलं. शाळेत हजेरी घ्यायचे तसं, मान वर करून, सगळीकडे पाहत. बाबा स्वतःच्या पायांकडे पाहत होते. आईने पदर तोंडाला लावला. अख्ख्या मांडवाला कळलं, कोण गैरहजर आहे ते.

मग, "नवरीची मोठी बहीण, ऋता."

मी उठले. चालत गेले. जिजाबाईंनी साडी हातात दिली, नारळ दिला, कुंकू लावलं. लावताना त्यांचा अंगठा माझ्या कपाळावर जरा जास्त वेळ राहिला. मी वाकून नमस्कार केला. तेव्हा गुरुजी म्हणाले, "अन् भावाचं कोन घेईन?"

दादा, खरं सांगते. एक क्षण वाटलं, राहू दे तिथेच पडलेलं. दिसू दे सगळ्यांना. तेवढा माझा हक्क होता.

मी म्हटलं, "मी घेतो. त्याच्या वतीनं."

दोन्ही आहेर छातीशी धरून परत येऊन बसले.

पँटचं कापड करड्या रंगाचं आहे, शर्टाचं पांढरं. सोबत टोपी आणि नारळ. नारळ आईने आज फोडला, नाहीतर वाळला असता. कापड कपाटात माझ्या साड्यांच्या खाली ठेवलं आहे. ते मी पार्सल करणार नाही आणि वैदेहीच्या लग्नात कोणाच्या हाती पाठवणारही नाही. लग्न मे महिन्यात आहे, करवली मी आहे, कलश माझ्या हातात असणार आहे. तू ये आणि स्वतःच्या हाताने कापड घेऊन जा.

मी काल तो कागद परत नीट पाहिला. त्यावर एकच रेघ आहे, माझ्या जागेवरची. तुझं नाव वर आहे, स्वच्छ आहे. काल रागाच्या भरात आई म्हणाली, त्या पोराचं नावच काढून टाका.

मी काढू दिलं नाही.

तुझी बहीण,
ऋता